एका मुळीची दोन खाती

१९५७ साली अमेरिकेतले लास्कर पुरस्कार जाहीर झाले. वैद्यकीय संशोधनात नोबेलच्या खालोखाल ज्याचा मान, तो हा पुरस्कार. त्या वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये नेथन क्लाइन, रॉबर्ट नोस, आंरी लाबोरी, पिएर देनिकेर आणि हाइन्झ लेहमन ही नावं होती. ही सगळी मंडळी मानसिक आजारांवरच्या नव्या औषधांशी जोडलेली. त्यांच्याच सोबत मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचं नाव होतं: डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांचं काम रक्तदाबावरचं.

हृदयाचा डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच वर्षी एकाच मांडवात. योगायोग वाटेल, पण क्लाइन आणि वकील यांच्या हातातलं औषध एकच होतं. सर्पगंधा नावाच्या झुडपाची मुळी.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, वैद्यकातला नाही. गाव नळदुर्ग, जिल्हा धाराशिव. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं आपल्या वयाच्या इतरांपेक्षा इतक्या लवकर का जातात, आणि बऱ्याचदा हृदयविकारानेच का जातात, याचा माग काढत मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचतोय. तो माग मला मागे मागे नेत या १९५७च्या यादीपाशी घेऊन गेला. कारण या गोष्टीत मन आणि हृदय सुरुवातीला एकाच पुडीत होते. पुढे त्यांची दोन खाती झाली. आणि ज्याला दोन्हींची गरज होती तो माणूस मधल्या फटीत पडला.

पागलबूटी

सर्पगंधेला बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणत. वेडावर, झोप न येण्यावर, साप चावल्यावर ही मुळी देण्याची पद्धत जुनीच. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच दोन्ही गोष्टी होत्या: वेडेपणा आणि उच्च रक्तदाब. म्हणजे आधुनिक वैद्यकात या मुळीची पहिली ठळक ओळख झाली तीच दोन्हींवरचं औषध म्हणून.

पुढे १९३४मध्ये हिमालया कंपनीने ‘सर्पिना’ नावाने तिच्या गोळ्या बाजारात आणल्या. मुंबईत डॉ. वकील या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पिन.

१९५३मध्ये अहमदाबादच्या डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक आजारांत या मुळीच्या वापरावर बडोद्याच्या एका वैद्यकीय परिषदेत निबंध वाचला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलमधल्या नेथन क्लाइन यांनी आपल्या मनोरुग्णांवरच्या वापराचा अहवाल छापला.

एकच मुळी दोन्हीकडे चालते कशी? आपल्या नसांच्या टोकांशी काही रसायनांच्या बारीक पिशव्या असतात. त्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन असतं, डोपामिन असतं, सिरोटोनिन असतं. रिसर्पिन या पिशव्या रिकाम्या करतं. रक्तवाहिन्यांजवळच्या पिशव्या रिकाम्या झाल्या की वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. मेंदूतल्या रिकाम्या झाल्या की माणूस शांत होतो. १९५७मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे उठून बसले. त्यातूनच डोपामिनचं मेंदूतलं महत्त्व कळलं, आणि पुढे स्किझोफ्रेनियाचा डोपामिनशी असलेला संबंध उलगडत गेला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. या सगळ्याच्या मुळाशी आपली ‘पागल की दवा’ आहे, हे वाचून मला मजा वाटली होती.

मजा इथपर्यंतच. कारण यानंतर रस्ते फुटले.

मानसिक आजारांत रिसर्पिन फार टिकलं नाही. दाब जास्तच उतरायचा, काही जण उदास व्हायचे, आणि तोवर दुसरं प्रभावी औषध हाताशी आलं होतं. रक्तदाबाच्या खात्यात मात्र ते दुसऱ्या औषधांबरोबर कितीतरी वर्षं राहिलं. तुमच्या आजी-आजोबांना ‘अडेल्फेन’ हे गोळीचं नाव आठवतं का, विचारून बघा. त्यात हेच रिसर्पिन होतं. दाबाची गोळी एका खात्यात गेली, मनाची गोळी दुसऱ्या. डॉक्टर वेगळे, ओपीडी वेगळी, केसपेपर वेगळा.

घरी आलेली माणसं

ते दुसरं औषध म्हणजे क्लोरप्रोमझिन. डिसेंबर १९५०मध्ये फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीत ते तयार झालं. लाबोरी हे फ्रेंच नौदलातले सर्जन. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी करायला ते काहीतरी शोधत होते. हे औषध दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण त्याला कशाचं काही वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ दले आणि देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. कानातले आवाज कमी झाले, भीती ओसरली, वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेली माणसं बोलायला लागली.

अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. तिथून तो आकडा उतरत गेला आणि माणसं घरी आली. आपल्याकडे बहुतेक जण कधी रुग्णालयात गेलेच नव्हते, कारण जागाच नव्हती. १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार आपल्याकडे चाळीस हजार माणसांमागे मनोरुग्णालयातली एक खाट होती.

आता मरणाचं बघू. औषधं येण्याआधी मनोरुग्णालयांत माणसं मरत ती मुख्यतः क्षयाने, हगवणीने, न्यूमोनियाने. दाटीवाटी, अपुरं अन्न, घाण पाणी. पुढे प्रतिजैविकं आली, क्षयावर इलाज आला. मग ही माणसं जगायला लागली आणि तो दुसरा आजार दिसण्याइतकी मोठी झाली.

तो दुसरा आजार फक्त औषधांमुळे आला असंही नाही. इंग्रज डॉक्टर हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९मध्येच लिहून ठेवलंय की ज्या घराण्यांत वेडेपणा आढळतो त्यांत मधुमेहही पुष्कळदा आढळतो. तेव्हा यातली एकही गोळी अस्तित्वात नव्हती. २००३मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी पहिल्यांदाच आजारी पडलेले, एकही गोळी न घेतलेले रुग्ण तपासले. त्यांच्यातही रक्तातल्या साखरेची गडबड इतरांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे आजाराच्या मुळातच काहीतरी आहे. त्यावर तंबाखू, बैठं आयुष्य, गरिबी, एकटेपणा. त्यावर औषधं. आणि सगळ्यांत वर, कुणी न तपासणं.

वजनाचा काटा

गोळ्यांनी वजन वाढतं, हे १९५०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. पण आवाज थांबले, माणूस अंगावर धावून येत नाही, जेवतो, झोपतो. तो जाड झाला याची तक्रार घेऊन कोण जाणार? आपल्याकडे तर अंगाने भरला म्हणजे औषध लागू पडलं, असंच समजतात.

मग क्लोझापिनची गोष्ट. हे औषध १९५८चं, स्वित्झर्लंडमधलं. इतर औषधांनी हातपाय कडक होतात, थरथरतात, ते याने फारसं होत नव्हतं. पण १९७५मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि ते दगावले. औषध बाजूला पडलं. १९८८मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही ते गुण देतं. मग ते परत आलं, एका अटीवर: नियमित रक्ततपासणी. तपासणीशिवाय गोळी नाही.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. मनाच्या औषधाबरोबर शरीराची तपासणी सक्तीने बांधता येते, हे तिने दाखवलं. पांढऱ्या पेशींसाठी जे जमलं ते वजन, साखर आणि रक्तदाबासाठी जमलं नाही. कारण पेशी घटून आलेलं मरण काही आठवड्यांत येतं, बातमी होतं. हृदयविकाराने येणारं मरण वीस वर्षं घेतं.

१९९६मध्ये अमेरिकेत ओलांझापिनला मंजुरी मिळाली. आपल्याकडेही कितीतरी कंपन्यांनी ते बनवलं, स्वस्त झालं, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळायला लागलं. चांगलं औषध आहे. पण २००५मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. १४९३ रुग्ण, पाच औषधं. ओलांझापिन घेणाऱ्यांचं वजन सरासरी महिन्याला ०.९ किलोने वाढत होतं.

त्याच चाचणीतल्या रुग्णांची सुरुवातीला जी तपासणी झाली होती, तिचे आकडे पुढच्या वर्षी छापून आले. ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातले ३०.२ टक्के त्यावर काहीच उपचार घेत नव्हते. चरबीचं प्रमाण बिघडलेल्यांत उपचार नसलेले ८८ टक्के. आणि उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ६२.४ टक्के लोकांना रक्तदाबाचं कुठलंही औषध चालू नव्हतं.

हा शेवटचा आकडा वाचताना मला डॉ. वकील आठवले. मुंबईत १९४९ साली ज्या आजारावर गोळी देऊन दाखवली गेली, तो आजार अमेरिकेत पन्नास वर्षांनंतर, चाचणीत नाव घातलेल्या रुग्णांमध्ये, निम्म्याहून जास्त जणांत तसाच पडून होता.

या दोन अहवालांच्या आधीच, २००४मध्ये, अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मनोविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून एक वेळापत्रक काढलं होतं. गोळी सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासा. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात परत बघा, मग दर तीन महिन्यांनी. रक्तदाब आणि साखर बाराव्या आठवड्यात, मग दर वर्षी. कमरेचा घेर वर्षातून एकदा. यातल्या निम्म्या गोष्टींना लागतं काय? एक काटा, एक टेप आणि बीपीचं मशीन.

शिंप्याची वही

आता नळदुर्गला या. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. भुईकोट किल्ला, बोरी नदी, पाणी महाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला येणाऱ्या गाड्या. एके काळी हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८५३मध्ये निजामाकडून हा मुलूख काही वर्षं इंग्रजांकडे आला, तेव्हा कारभार बघायला आलेले मेडोज टेलर इथलेच अधिकारी. १८६०मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला, पुढे मुख्यालय उस्मानाबादला हललं, आणि नळदुर्ग तुळजापूर तालुक्यातलं एक गाव झालं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण आहे. महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. चारही ठिकाणं इंग्रजी अमलातली. निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला यातलं एकही नाही. नळदुर्गहून येरवडा जवळपास तीनशे किलोमीटर. म्हणून आमच्याकडे डोक्याचा आजार म्हटलं की सोलापूर. एसटीने तास-दीड तास.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, चोविसाव्या वर्षी आजारी पडले. आधी बाहेरचं आहे म्हणून सगळं करून झालं. मग कुणीतरी सोलापूरच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. सुरुवातीच्या गोळ्यांनी त्यांचे हात थरथरायचे. पुढे ओलांझापिन सुरू झालं आणि घरात शांतता आली. मला आठवणारे तात्या हेच. दारात खुर्ची टाकून बसलेले, कमी बोलणारे, मला पाचवीचे पाढे विचारणारे. चहात तीन चमचे साखर, दिवसाला दोन बंडल बिड्या. बिडीच्या धुरातली काही रसायनं यकृताला ओलांझापिन लवकर संपवायला लावतात, त्यामुळे ओढणाऱ्याला कधी कधी डोस जास्त लागतो, हे मला खूप नंतर कळलं.

ते गेले तेव्हा पन्नास वर्षांचे होते. आदल्या चार दिवसांपासून छातीत आग होते म्हणत होते. माझे वडील त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे आधी गोळ्यांची चिठ्ठी बघितली गेली, मग तात्यांकडे. “यांना असं काहीबाही वाटतच असणार,” म्हणून पित्ताची गोळी मिळाली. ईसीजी काढला नाही. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

नंतर मी त्यांची पिशवी उघडली. अकरा वर्षांचे केसपेपर आणि चिठ्ठ्या होत्या. सवयीप्रमाणे मी त्यांची एक शीट केली: तारीख, औषध, डोस, वजन, रक्तदाब. पहिले तीन रकाने भरले. झोप कशी, आवाज येतात का, हेही बहुतेक कागदांवर होतं. रक्तदाब तीनदा सापडला, तिन्ही वेळा वाढलेला, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. वजनाचा रकाना पूर्ण रिकामा राहिला.

कमरेचं माप मात्र मिळालं. गल्लीतल्या आमच्या शिंप्याकडे. दिवाळीला तात्यांना दरवर्षी एक पँट शिवायची, आणि चाचा जुन्या वह्या फेकत नाहीत. पहिल्या वहीत कमर ३०. मग ३२, ३४, ३६. शेवटच्या दिवाळीला ४०. २००४च्या त्या वेळापत्रकात वर्षातून एकदा कमरेचा घेर मोजा म्हटलंय. तो मोजला गेला होता, न चुकता, दर वर्षी. फक्त मोजणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं.

तात्या एकटे नाहीत, हे मला आकड्यांनी सांगितलं. स्वीडनमध्ये साठ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१३मध्ये आला. स्किझोफ्रेनिया असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १५ वर्षं आधी जात होते, स्त्रिया १२ वर्षं आधी. मोठी कारणं हृदयविकार आणि कर्करोग. आणि हृदयविकाराने गेलेल्यांपैकी किती जणांना तो आजार आहे हे आधी कळलं होतं? इतर लोकांत ४३.७ टक्के. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत २६.३ टक्के. हे ज्या देशात सरकारी आरोग्यसेवा घराघरापर्यंत आहे तिथलं.

अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या लाखावर वयस्कर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००० साली छापून आला होता. मानसिक आजार असलेल्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. झटका तोच, रुग्णालयात पोचलेली माणसं, तरी फरक. ‘यांना असं वाटतच असणार’ हे वाक्य फक्त आमच्या भागात बोललं जात नाही.

फॉर्ममधला रकाना

माझ्या कामात आम्हाला एक गोष्ट लवकर शिकवतात: फॉर्ममध्ये जो रकाना नाही, ती गोष्ट सिस्टीमसाठी घडतच नाही.

हृदयविकाराचा फॉर्म तयार व्हायला सुरुवात झाली १९४८मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात. ५२०९ माणसं निवडली, दर दोन वर्षांनी तपासली. १९६१मध्ये त्या अभ्यासातून ‘रिस्क फॅक्टर’ ही कल्पना पुढे आली: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान. आज आपण बीपी आणि कोलेस्टेरॉल या शब्दांत बोलतो ते फ्रेमिंगहॅममुळे. पुढे या घटकांवरून दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता काढणारे कॅल्क्युलेटर बनले. वय टाका, दाब टाका, कोलेस्टेरॉल टाका, टक्केवारी मिळते. त्यात स्किझोफ्रेनियाला जागा नव्हती. पन्नाशीच्या तात्यांची माहिती त्यात भरली असती तर धोका खऱ्यापेक्षा कमी दिसला असता.

हा रकाना यायला २०१७ उजाडलं. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा क्यूरिस्क-३ हा कॅल्क्युलेटर त्या वर्षी आला. त्यात गंभीर मानसिक आजार आणि ओलांझापिन, क्लोझापिन यांच्या गटातली औषधं हे दोन प्रश्न जोडले गेले. म्हणजे सेन आणि बोस यांनी एका शीर्षकात जे दोन आजार शेजारी ठेवले होते, ते परत एका पानावर यायला ८६ वर्षं लागली.

आपल्याकडेही फॉर्म आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा कागद भरतात त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला मधुमेह-रक्तदाब-हृदयविकार यांना गुण असतात. कमरेचा घेर! टेप घेऊन दारात येणारं माणूस आपल्या सरकारी व्यवस्थेत आहे, ही मोठी गोष्ट आहे. मानसिक आजाराच्या गोळ्यांना मात्र त्या गुणांत जागा नाही. आणि फॉर्मच्याही आधीची अडचण घरातली. आशाताई आल्या की घरातले सगळे ओटीवर येतात, आतल्या खोलीतल्या माणसाला कुणी बोलवत नाही.

कायदा तरी स्पष्ट आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवेत शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी काढणं ही त्या बरोबरीची सगळ्यांत साधी पायरी.

मग गोळ्या बंद करायच्या का?

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात हा प्रश्न आला असेल, कारण माझ्याही आला होता. उत्तर फिनलंडने दिलंय, तेच फिनलंड जिथे क्लोझापिनने माणसं दगावली होती. तिथे ६६,८८१ रुग्णांची अकरा वर्षांची माहिती तपासली गेली आणि २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अजिबात औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. सगळ्यांत कमी मृत्यू कुठल्या औषधावर? क्लोझापिनवर. वजन वाढवण्यात जे पुढे आहे, त्याच औषधावर. आत्महत्या कमी होतात, माणूस स्वतःकडे बघू शकतो, दवाखान्यात जाऊ शकतो. शिवाय ज्याची नियमित रक्ततपासणी होते, तो निदान डॉक्टरांच्या नजरेसमोर तरी राहतो.

तेव्हा गोळी मनाने बंद करायची नाही. गोळी बदलता येते, डोस बदलता येतो, वजनाला कमी त्रास देणारी औषधंही आहेत, पण तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून. बिडी-सिगारेट सोडायची असेल तर तेही डॉक्टरांना सांगून, कारण धूर थांबला की काही औषधांची रक्तातली पातळी वाढते. आपल्याकडे पुष्कळ जण तंबाखू खातात. खाण्याच्या तंबाखूचा औषधाच्या पातळीवर तसा परिणाम होत नाही, हृदयावर आणि तोंडावर मात्र होतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे दर तीनशे माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया असतो. तुमच्या गावाची लोकसंख्या तीनशेने भागून बघा. २००४ साली ‘देवराई’ आला तेव्हा अतुल कुलकर्णींच्या शेषमुळे कितीतरी घरांना आपल्या माणसाच्या आजाराचं नाव कळलं. त्या आजारासोबत चालत येणारा दुसरा आजारही तसाच घराघरात कळायला हवा. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा आधीच येतो. ५२ देशांतल्या अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं वय ५३ निघालं, बाकीच्यांचं जवळपास ५९. ज्याच्याकडे दोन्ही कारणं आहेत त्याच्यासाठी चाळिशीची वाट बघणं परवडणारं नाही.

यासाठी मोठं रुग्णालय उभं राहायची वाट बघावी लागत नाही, हेही आमच्याच भागात दिसतं. नळदुर्गशेजारी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने नव्वदीच्या दशकापासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. ज्या बाईला गावातलं प्रत्येक घर माहीत आहे, तिला आतल्या खोलीत कोण बसलंय हेही माहीत असतं. तिच्या हातात बीपीचं मशीन आणि टेप असला, आणि मानसिक आजाराची गोळी चालू असलेल्या माणसाचं नाव यादीत पहिलं घ्यायचं हे तिला सांगितलेलं असलं, की फट बुजायला लागते.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर पुढच्या वेळी केसपेपर घेऊन जाताना डॉक्टरांकडून त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर. कोलेस्टेरॉलचं विचारा. आणि तो माणूस छातीत दुखतंय, दम लागतोय, जबडा भरून आलाय म्हणाला, तर ते आजारामुळे म्हणतोय असं कुणीही म्हणू दे, आधी ईसीजी मागा. आमच्या घरात आता हा नियम आहे. तात्यांच्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, गेली सहा वर्षं तीच गोळी चालू आहे. तिची शीट मी ठेवतो. परवाच्या नोंदीत वजन ६१, कमर ८२ सेंटिमीटर, रक्तदाब १२८/८२. एकही रकाना रिकामा नाही.